बंद कप्प्यातले गॉगल

लेओंस ग्रांक्लेमांला वास येत नसे. कॉफी करपली तरी नाही, गॅस चालू राहिला तरी नाही. ओयोनात, फ्रान्समधल्या या चष्म्यांच्या गावात, त्याच्या वयाच्या बऱ्याच माणसांचं असंच आहे. ज्यांनी उभा जन्म ॲसिटोनने फ्रेमा चिकटवल्या आणि चाकावर घासून चकचकीत केल्या, त्यांची नाकं कारखान्यातच राहिली असं गावात म्हणतात. म्हणणाऱ्यालाही बहुतेक वास येत नसतो.

त्यामुळे कपाटातला वास पहिल्यांदा आला तो त्याच्या बायकोला.

ल्युसेतनेही त्याच कारखान्यात काम केलं होतं, पण बिजागऱ्यांच्या टेबलावर. तिथे खिडकी होती. तिचं नाक शाबूत राहिलं. लग्नानंतर पन्नास वर्षं त्या घरात दूध नासलंय का, मासा ताजा आहे का, जिन्यात मांजर मुतलं का, हे सगळं तीच सांगत आली. लेओंस विचारी, "काय?" ती एका शब्दात उत्तर देई. त्या शब्दावर त्याने कधी शंका घेतली नाही.

कपाट त्याचं होतं. ओकच्या लाकडाचं, रुंद, उथळ कप्प्यांचं. त्यात त्याचे गॉगल होते. पॅरिसच्या मोठमोठ्या फॅशन-घराण्यांचे, बायकांचे, काडीवर सोनेरी अक्षरात घराण्याचं नाव असलेले. ते नाव पॅरिसचं असलं तरी गॉगल ओयोनाचे होते. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे पत्रे इथेच कापले जात. लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपांत फ्रेमा इथेच दिवस दिवस गडगडत, आणि शेवटचा हात लेओंससारखे पॉलिशवाले फिरवत. मग माल पेट्यांत भरून जाई आणि तिकडे त्याला नाव मिळे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पगार वेळेवर होत असे.

पहिला गॉगल लेओंसने लियाँच्या जुन्या बाजारात विकत घेतला. पांढरा, रुंद, कडेने काळी रेघ असलेला. तो त्याने लांबूनच ओळखला. लग्न झालं त्या वर्षी ती ऑर्डर आली होती. त्या फ्रेमा त्याने पॉलिश केल्या होत्या आणि बिजागऱ्या ल्युसेतने बसवल्या होत्या. रुमालात गुंडाळून त्याने तो घरी आणला, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बघ, कोण आलंय."

त्या उन्हाळ्यात ल्युसेतच्या भाचीचा बाप्तिस्मा होता, नांतुआच्या तळ्याकाठी. जेवण बाहेर उन्हात होतं. ल्युसेतने तो पांढरा गॉगल मागितला, एका दिवसापुरता.

लेओंसने जरा विचार केला. मग म्हणाला, "घातला की तो नुसता गॉगल होतो."

ती कापडी टोपी घालून गेली. पुन्हा तिने कधी मागितलं नाही. त्यानेही कधी विषय काढला नाही. त्याच्यापुरतं ते तिथे संपलं असावं, असं ती धरून चालली.

मग गॉगल येतच राहिले. कारखाने बंद पडत गेले तसे त्यांची कोठारं रिकामी झाली, फिरत्या एजंटांच्या नमुन्यांच्या पेट्या विकायला निघाल्या, जुन्या कामगारांच्या बायकांनी खण आवरले. लेओंस सगळीकडे जाई. सुट्टीत लोक समुद्रावर जात, हा लिलावाला जाई. एकेका गॉगलची त्याने वर्षानुवर्षं वाट बघितली. तो उगाच भाव करत नसे आणि न वापरलेलाच घेत असे. काचेवरचा कागदी शिक्का तसाच असेल तर त्याचा चेहरा असा होई की ल्युसेत दुसरीकडे बघे.

कपाट त्याने स्वतः बनवलं. आत मऊ लोकर लावली. आणि प्रत्येक कप्प्याच्या कडेला रबराची पट्टी, फ्रिजच्या दाराला असते तशी. पॉलिशवाल्याला धुळीची जितकी भीती असते तितकी कशाचीच नसते. एक कण चाकात अडकला की फ्रेमेवर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा मिटवताना आकारच बिघडतो. लेओंसने आयुष्यभर धुळीशी वैर केलं होतं. घरी त्याने तिला आत येऊच दिलं नाही. कप्पा ढकलला की शेवटी हलकासा उसासा टाकल्यासारखा आवाज होई. तो आवाज ऐकला की त्याला बरं वाटे.

रविवारी जेवणानंतर सुती हातमोजे घालून तो एक कप्पा उघडी, बघे, बंद करी.

शनिवारी रेजिस येई. रेजिस व्हुआया, काचांना रंग चढवायच्या खात्यात होता. शाळेपासूनचा मित्र. गॉगल तोही जमवत असे, पण पुरुषांचे आणि धडधाकट, आणि ते तो घालत असे. एकमेकांच्या पेटीत चुकून आलेल्यांची अदलाबदल चाले. त्याहून जास्त टोमणे चालत. "तुझे गॉगल म्हणजे मठातल्या नना," रेजिस म्हणे. "ऊन कशाला म्हणतात ते तरी ठाऊक आहे का बिचाऱ्यांना?" लेओंस म्हणे, "तुझ्यांना ठाऊक आहे ना? म्हणून त्यांचे चेहरे असे झालेत."

एका शरदात लेओंसच्या छातीत कळ आली आणि त्याला लियाँच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याने फोनवर पहिली चौकशी केली ती कपाटामागच्या भिंतीची. पाऊस फार झाला होता. भिंत ओलावली नसेल ना? किल्ली पैशांच्या डब्यात आहे, तिसरा कप्पा उघडून हात लावून बघ.

ल्युसेतने किल्ली घेतली. इतक्या वर्षांत ते कपाट तिने एकटीने पहिल्यांदा उघडलं.

लोकर कोरडी होती, पण वास आला. आंबट, बोचरा, डोळ्यांना लागणारा. व्हिनेगरचा.

ओयोनातल्या माणसाला तो वास समजावून सांगावा लागत नाही. ॲसिटेटचा पत्रा कोंडून ठेवला तर कधी कधी असा आंबतो. आतून सडायला लागतो आणि आंबट वाफ सोडतो. ती वाफ कोंडली की शेजारचाही पत्रा आंबतो. म्हणून कोठारात कुणालाही वास आला की तो ओरडून सांगे, खिडक्या उघडल्या जात, आंबलेला माल वेगळा काढून बाहेर नेला जाई. नवखी पोरंही हे पहिल्या आठवड्यात शिकत. लेओंसलाही हे ठाऊक होतंच. पण कोठारात ओरडणारं नाक नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी असे. घरी त्याने धूळ बाहेर ठेवण्यासाठी जे जे केलं, त्याने हवाही बाहेर राहिली.

ल्युसेत कप्प्यापुढे उभी होती. खिडकी हाताशी होती. त्या दिवशी खिडकी उघडली असती, कप्पे बाहेर काढून ठेवले असते, तर बरेचसे वाचले असते. तिला ते कळत होतं.

तिने कप्पा आत ढकलला. रबराचा उसासा ऐकू आला.

संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "सगळं कोरडं आहे." हे खरं होतं.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की याला धक्का बसेल असं काही व्हायला नको. वसंतापर्यंत तरी नको. ल्युसेतला कारण मिळालं. कारण चांगलं होतं. चांगल्या कारणाची एक अडचण असते, त्याच्या आडोशाला दुसरं काही उभं असलं तरी दिसत नाही.

लेओंस घरी आला तो वाळलेला, हळू चालणारा. रविवारी तो कपाटासमोर खुर्ची घेऊन बसे. पण कप्पे उघडेना. एकदा म्हणाला, थंडी फार आहे. एकदा म्हणाला, हात थरथरतात, पडेल एखादा. ती म्हणाली, राहू दे मग. दोघं कपाटाकडे बघत बसत.

वास वाढत होता. रबराच्या पट्ट्या जुन्या झाल्या होत्या. आता बैठकीच्या खोलीत शिरलं की जाणवे. एका शनिवारी रेजिस आला, दारातच थांबला आणि त्याने ल्युसेतकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. ती आत गेली आणि व्हिनेगरमध्ये घातलेल्या बारक्या काकड्यांची बरणी घेऊन आली. झाकण उघडून ती बरणी तिने टेबलाच्या मधोमध ठेवली.

"घे," ती म्हणाली.

रेजिसने एक काकडी घेतली, चावली, गिळली. मग आणखी एक घेतली.

त्यानंतर दर शनिवारी बरणी टेबलावर येऊ लागली. रेजिस मुकाट्याने काकड्या खाई. अदलाबदलीचं त्याने नाव काढलं नाही. आंबलेला एक गॉगल घरी नेला तर त्याचेही सगळे जातील हे त्याला कळत होतं. लेओंसने एकदा विचारलं, तपकिरी काचांचा तो हवा होता ना तुला? रेजिस म्हणाला, "राहू दे. बायको म्हणते, घरात आता तिला तरी जागा ठेवा." लेओंस हसला. ल्युसेत हसली नाही.

वितळत्या बर्फाच्या दिवसांत नगरपालिकेतून सांद्रिन पेर्नो नावाची बाई आली. तरुण, चुणचुणीत, गळ्यात मोठा मफलर. तिला लेओंसच्या गॉगलांचं प्रदर्शन भरवायचं होतं. जत्रेच्या सभागृहात, काचेच्या पेट्यांत, शरदात. खाली छोट्या पाट्यांवर पॉलिशवाल्यांची नावं लिहायची होती. पॅरिसची नाही, इथली.

लेओंस उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. ल्युसेतने त्याची पाठ पाहिली. इतक्या वर्षांत तो कशाची वाट बघत होता ते तिला त्या पाठीवरून कळलं. त्याने ते कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

निघताना सांद्रिनने नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, "तुमच्याकडे काहीतरी छान मुरायला घातलेलं दिसतंय. माझ्या आजीकडे असा वास यायचा."

"काकड्या," ल्युसेत म्हणाली.

सांद्रिन दोन आठवड्यांनी फोटो काढणाऱ्याला घेऊन येणार होती. सगळे कप्पे उघडायला.

ल्युसेतने तो आठवडा कसाबसा काढला. रात्री ती जागीच असे. प्रदर्शनाच्या आधी त्याला कळायलाच हवं होतं. परक्या माणसांदेखत कप्पा उघडेल, तो आत बघेल आणि मग तिच्याकडे बघेल, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. पण सांगायचं काय? वास येतो एवढं? की कधीपासून येतो तेही?

रविवारी लीकच्या पालेभाजीचं सूप होतं. ऑपरेशनपासून लोणी, साय सगळं बंद होतं. तो चमचा फुंकत होता.

"लेओंस, कप्प्यांना वास येतोय."

"कसला?"

"व्हिनेगरचा."

त्याने चमचा खाली ठेवला. "कुठल्या कप्प्याला?"

"मी तिसराच उघडला होता."

"केव्हा?"

"तू लियाँला होतास तेव्हा."

खाली रस्त्यावरून बस गेली. खिडकीची तावदानं थरथरली.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं..." ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं."

त्याने चमचा उचलला आणि सूप संपवलं. भांडं पुसून काढलं पावाने, नेहमीसारखं. मग उठला, सुती हातमोजे घेतले, थोडा वेळ हातात धरले आणि परत खणात ठेवले.

"चल," तो म्हणाला. "नाक तुझं आहे."

त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. दोन टेबलं मांडली. एक आंबलेल्यांसाठी, एक चांगल्यांसाठी. लेओंस कप्प्यातून गॉगल उचलून तिच्या हातात देई. ती नाकाशी धरी. तो विचारी, "काय?" ती सांगे.

काही तर बघूनच कळत होते. फ्रेमेला घाम फुटल्यासारखे थेंब आले होते. काडीच्या आतली तार हिरवी पडली होती. एकाची काच तडकून तिच्यावर जाळं पसरलं होतं. एका समुद्री निळ्या गॉगलची काडी उचलतानाच तुटून त्याच्या बोटांत राहिली. दोन्ही तुकडे त्याने आंबलेल्यांच्या टेबलावर जोडून ठेवले, तुटलाच नाही असे.

पण बरेचसे दिसायला धडधाकट होते. त्यांचा निवाडा फक्त ल्युसेतच करू शकत होती. ती जे म्हणेल ते खरं. ती ज्याला "आंबला" म्हणेल तो गेला. तो एकदाही "पुन्हा बघ" म्हणाला नाही. तिचं नाक थकलं की ती सज्जात जाऊन उभी राही, थंड हवा घेई, स्वेटरच्या बाहीत नाक खुपसून लोकरीचा वास घेई आणि परत येई. तो तोवर हात मांडीवर ठेवून वाट बघत बसे. हिशोब विचारण्यासारखी ती वेळ होती. त्याने विचारला नाही. तिला वाटलं, आज नाही तर उद्या विचारेल. दुसरी दुपार गेली, तिसरी गेली.

शेवटच्या कप्प्यात, अगदी मागे, पांढरा गॉगल होता.

त्याने तो तिच्या हातात दिला. इतर कुठलाही द्यावा तसाच. तिने तो नाकाशी नेला. तिच्या मनात आलं, आपण काहीही म्हणू शकतो. चांगला म्हटलं तर तो चांगल्यांत जाईल आणि त्यांनाही घेऊन बुडेल. आंबला म्हटलं तर तो जाईल. कुणाला कळणार नव्हतं.

वास स्पष्ट होता. तिने बसवलेल्या बिजागरीला हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसत होती.

"काय?"

"आंबला."

त्याने तो परत घेतला. पहिल्यांदाच एखादा गॉगल त्याने टेबलावर ठेवला नाही. हातात फिरवला. काड्या उघडल्या. आणि तिच्यापुढे धरला.

"घाल हवं तर."

"आता?" ती म्हणाली. "कुजल्यावर?"

लेओंसने काड्या मिटल्या. गॉगल आंबलेल्यांत ठेवला. मग दोघांनी मिळून रिकामे कप्पे ओल्या फडक्याने पुसले.

शनिवारी रेजिस आला. टेबलावर बरणी नव्हती. त्याला कळलं. लेओंसने त्याला आंबलेल्यांचं खोकं दाखवलं आणि त्याच्या लाकडाच्या छपरीत ते ठेवता येईल का विचारलं. तिथे वारा असतो.

"तुलाही ठाऊक होतं," लेओंस म्हणाला.

"नाक आहे मला."

"तोंडही आहे."

रेजिसने टोपी हातात घेतली, परत डोक्यावर घातली. खोकं उचललं आणि जिना उतरला. पुढचे दोन शनिवार तो आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला, चीज घेऊन, आणि पूर्वीच्या जागी बसला.

सांद्रिनला लेओंसने स्वतः सांगितलं. काचेच्या बंद पेट्या असतील तर नाही. ती गोंधळली. पेट्या बंदच लागतील, ती म्हणाली, विमा आहे, नियम आहे. उघड्यावर ठेवले आणि कुणी उचलून घातले तर?

"घालू दे," लेओंस म्हणाला.

तिला वाटलं म्हातारा चिडलाय. ती ल्युसेतकडे वळली, पण ल्युसेतही नवऱ्याकडेच बघत होती. त्याच्या तोंडून हे शब्द येतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. प्रदर्शन झालं नाही. पाट्यांवर नावं लिहिली गेली नाहीत.

मग लेओंसने कपाटाची दारं काढली. रबराच्या पट्ट्या सुरीने सोडवल्या. निम्म्याहून कमी गॉगल उरले होते. ते त्याने उघड्या फळ्यांवर मांडले. दुपारचं ऊन तिरपं आत आलं की त्यात धूळ दिसे, हळूहळू खाली येणारी, गॉगलांवर बसणारी. तो खुर्चीत बसून ती धूळ बघत राही. ल्युसेत एकदा फडकं घेऊन आली. तो म्हणाला, राहू दे.

एका बाजाराच्या दिवशी सकाळी तो कोट घालून फळीपाशी उभा होता.

"यांना हवा पाहिजे," तो म्हणाला. "घरात बसून हवा लागत नाही. निवड."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती फळीपाशी गेली. फार वेळ लावला तिने, आणि त्याने घाई केली नाही. तिने मधाच्या रंगाचा घेतला, कासवाच्या पाठीसारखे ठिपके असलेला, मोठ्या काचांचा. काचेवर कागदी शिक्का होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नखाने शिक्का काढला, गोळी केली आणि कोटाच्या खिशात टाकली.

स्वतः त्याने हिरवा घेतला. मांजराच्या डोळ्यासारखा, टोकांना वर वळलेला, बाईचा. त्याच्याकडे दुसरे नव्हतेच.

ओयोनाचा बाजार अजूनही त्याबद्दल बोलतो. पंचाहत्तरी उलटलेली दोन माणसं, ढगाळ सकाळ, आणि डोळ्यांवर पॅरिसच्या बायकांचे गॉगल. कोंबड्या विकणाऱ्याने माप थांबवलं. बेकरीवाली दारात आली.

"काय हो ग्रांक्लेमां, सिनेमात काम मिळालं वाटतं?"

"हवा खायला निघालोय."

"तुम्ही?"

"हे," लेओंस गॉगलकडे बोट दाखवून म्हणाला आणि पुढे गेला.

पहिले काही दिवस लोक हसले. मग हसायचे थांबले. त्याच्या चालण्यात गंमत करायचा सूर नव्हता. तो गॉगल असा सांभाळून नेई, जणू आजारातून उठलेल्या कुणाला हाताला धरून फिरवतोय. रोज वेगळे दोन. पाऊस असला तरी. बर्फ असलं तरी. घरी आल्यावर ल्युसेत दोन्ही नाकाशी धरी.

"काय?"

"चांगला."

"आणि हा?"

"चांगला."

मग ते फळीवर जात. कधी कधी तिला दुसरा शब्द म्हणावा लागे. तो मान हलवी आणि गॉगल रेजिसच्या छपरीत न्यायच्या पिशवीत टाकी. उशीर न करता.

पण तो विचारत नव्हता. ती चालता चालता थांबे, आता विचारेल, असं वाटे. तो बेकरीच्या भावाबद्दल बोले. तिला ते शांतपण मारल्यापेक्षा जड झालं होतं. डॉक्टरांचं नाव तिने पुढे केलं होतं आणि त्याने ते घेतलं होतं. ते नाव दोघांमध्ये तसंच पडून होतं.

उन्हाळ्यात ते बसने नांतुआला गेले. तळ्याकाठी बाक होतं. दोघांच्या डोळ्यांवर गॉगल होते. समोर पोरं होडीतून उड्या मारत होती.

"मी डॉक्टरांमुळे गप्प बसले नव्हते," ल्युसेत म्हणाली.

तो पाण्याकडे बघत होता. "ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"रेजिसला काकड्या आवडत नाहीत. शाळेत स्वतःच्या डब्यातल्या माझ्या डब्यात टाकायचा. हिवाळाभर बरणी बरणी खाल्ल्या बिचाऱ्याने. तू वास म्हणालीस तेव्हा ती बरणी कशासाठी होती ते कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

होडी उलटली. पोरं किंचाळली, वर आली, हसायला लागली. ल्युसेतने मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती.

"अजूनही विचारणार नाहीस? का गप्प बसले ते?"

"ते कशाला विचारू," लेओंस म्हणाला. "इथेच तर झालं. तू ती कापडी टोपी घातली होतीस. दिवसभर डोळे बारीक करून बसली होतीस. फोटोत तशीच आलीयस. मी बघत होतो."

एवढंच. माफी त्याने मागितली नाही, तिनेही नाही. थोड्या वेळाने त्याने तिच्या डोळ्यांवरचा गॉगल काढला, काच सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि परत घातला. त्याचं टोक तिच्या केसांत अडकलं. ते त्याने सोडवलं. पॉलिशवाल्याचे हात होते, जाड, पण काम नाजूक करत.

पुढचं बर्फ पडायच्या आत तो गेला. सकाळी, खुर्चीत, बूट घालताना. फळीवरचा हिरवा गॉगल त्याने बाजूला काढून ठेवला होता, त्या दिवशी घालण्यासाठी.

अंत्यविधीनंतर सांद्रिन पुन्हा आली. तिला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. संग्रह नगरपालिकेने घ्यावा, नीट जपावा, असं ती म्हणाली. ल्युसेतने एकच अट घातली, हे घालून कुणीतरी रोज बाहेर फिरलं पाहिजे. सांद्रिन म्हणाली, असं करता येणार नाही, मादाम. ल्युसेत म्हणाली, मग राहू दे.

पांढऱ्या गॉगलची चौकशी तिने रेजिसकडे केली. तो तिला छपरीत घेऊन गेला. पांढऱ्याचा पुढचा भाग वाकून चुरगळला होता, काचा गळून पडल्या होत्या. बिजागऱ्या तेवढ्या शाबूत होत्या. रेजिस म्हणाला, घेऊन जा हव्या तर. तिने त्या हातात घेऊन पाहिल्या, किती बारीक खिळे बसवले होते तेव्हा, आणि परत जागच्या जागी ठेवल्या.

आता ती एकटी जाते. रोज एक. थंडीत खिडक्या उघड्या असतात म्हणून खालचे भाडेकरू तक्रार करतात. ती घरात कोट घालून बसते. फिरून आली की जिन्यातच गॉगल काढते, नाकाशी धरते आणि रिकाम्या खोलीला मोठ्याने सांगते, "चांगला." कुणी विचारत नाही. तरी ती सांगते.

फेब्रुवारीत एका दुपारी तिने मधाच्या रंगाचा गॉगल काढला. पहिल्या दिवशी निवडलेला. नाकाशी नेला. वास अगदी बारीक होता, दुसऱ्या कुणाला आला नसता. आणखी महिनाभर तरी कुणाला आला नसता.

"आंबला," ती त्याच क्षणी म्हणाली.

मग तिने तो पुन्हा डोळ्यांवर चढवला, जिना उतरली आणि रेजिसच्या छपरीकडे चालायला लागली. वाटेत बाजार लागला. ऊन पडलं होतं. पोचेपर्यंत तिने तो काढला नाही.